याहिया कुणाचा

शुक्रवारी सकाळी बासूनं दुकानाच्या फळ्या काढल्या, अर्धवट भरलेलं खोगीर मांडीवर घेतलं आणि दाभण ओवता ओवता तो थबकला. शेजारून भात्याचा आवाज येत नव्हता. तेवीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं. एकदा याहियाला हिवताप आला तेव्हा, आणि एकदा बासूच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी.

त्यानं मधल्या भिंतीवर मूठ आपटली. "ए कल्हई! उठतोस का येऊ वर?"

बासू कुरकुरत जिना चढून वर गेला. याहिया कुशीवर झोपला होता, हात गालाखाली, गुडघे पोटाशी. बासूनं खांदा हलवला आणि लगेच हात मागं घेतला. अंग दगडासारखं गार होतं. चेहऱ्यावर मात्र दुखल्या-खुपल्याची काही खूण नव्हती. बासूनं त्याचे पाय सरळ केले, पांघरूण नीट ओढलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून एकट्यानं रडून घेतलं, आणि मग बायकोला हाक मारली.

ही खबर तिमगारमध्ये पसरायला वेळ लागला नाही. डोंगराच्या पायथ्याचं गाव, एक बाजाराची गल्ली, आणि त्या गल्लीत याहियाला न ओळखणारी बाई नव्हती. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यात त्याची कल्हई होती. तो आणि बासू दर आठवड्याला एकाच खेचरावर सामान लादून आसपासच्या बाजारांना जायचे, बासू खोगिरं घेऊन आणि याहिया भाता, कथील, नवसागर घेऊन. जाताना भांडायचे, येताना भांडायचे, आणि मधल्या वेळेत एकमेकांच्या गिऱ्हाइकांना चहा पाजायचे.

आठच्या सुमाराला गावचा मुकादम बुअज्जा आला. दफनाच्या परवानगीचा कागद त्यालाच भरायचा असे. त्यानं खोगिराच्या ढिगावर बूड टेकलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"नाव?"

"याहिया."

"ते कुत्र्या-मांजरांनाही माहीत आहे. याहिया कुणाचा? बापाचं नाव?"

बासूनं जरा विचार केला. "बापाचं... ते नाही सांगता येणार."

"गाव?"

"दक्षिणेचा होता. द्राआकडचा. खजुराच्या गोष्टी करायचा."

मुकादमानं सुस्कारा टाकला. "बरं, ते मी बघतो. आता एवढं सांग, वरचं की खालचं?"

वरचं म्हणजे मशिदीमागच्या टेकाडावरचं मुसलमानांचं कबरस्तान. खालचं म्हणजे ओढ्यापलीकडचं यहुद्यांचं. बासूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"काय झालं?" मुकादम म्हणाला.

"अरे, मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तेवीस वर्षं एका ताटात जेवलात ना?"

"जेवलो की. पण हे कधी निघालंच नाही."

मुकादमानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं स्वतःचा पत्ता विसरल्याचं सांगितलं असावं. बासूलाही ते आत्ताच, या क्षणी कळत होतं. याहियाला कुत्र्यांची भीती वाटते, तो डाव्या कुशीवर झोपतो, पुदिना नसला की चहाला हात लावत नाही, खोकला आला की आधी तीनदा घसा खाकरतो, हे सगळं त्याला ठाऊक होतं. खिंडीत पाय मोडला तेव्हा याहियानंच त्याला पाठीवर घेऊन दोन कोस बर्फातून उतरवलं होतं. आणि हा माणूस कोण, हे मात्र तो सांगू शकत नव्हता.

तसं बघितलं तर याहिया गावात आलाच विचित्र वेळी. यहुदी मोहल्ल्यातली घरं एकामागून एक रिकामी होत होती, लोक गाठोडी बांधून बसमध्ये चढत होते, रडत होते, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडत होते. सगळे जात होते त्या दिवसांत हा एकटा भाता खांद्यावर टाकून आला. मुसलमानांना वाटलं, मागं राहिलेला कुणी यहुदी असेल. यहुद्यांना वाटलं, रिकामं घर बघायला आलेला कुणी मुसलमान असेल. त्यानं खोली घेतली तीही मोहल्ला संपतो आणि बाजार सुरू होतो त्या कोपऱ्यावर. नावही असलं, की दोन्हीकडं चालतं.

"इमामसाहेबांना विचारू," बासू म्हणाला. "दर शुक्रवारी मशिदीत जायचा तो."

इमाम तय्यिब तरुण होते. फेस शहरात शिकून आले होते आणि गावातल्या म्हाताऱ्यांसमोर आपलं काही चुकू नये म्हणून सतत जपत असत. ते वर येऊन याहियाच्या उशाशी बसले, पुटपुटत दुवा मागितली, आणि मग बासूचा प्रश्न ऐकून त्यांनी दाढी खाजवली.

"यायचा खरा. मागं, जोड्यांच्या फळीपाशी बसायचा. सगळ्यांचे जोडे नीट लावून ठेवायचा."

"मग नमाज पढायचा ना?"

"बासूमियाँ, नमाजाच्या वेळी माझी पाठ असते लोकांकडं. मला कसं दिसणार?"

"पण पुढच्या लोकांनी..."

"त्यांचीही पाठच असते की."

मुकादमाला हसू आलं. ते लपवण्यासाठी तो खोकला.

"अंगावरून काही कळेल का?" त्यानं हळूच विचारलं.

"सुंता त्यांच्यातही होते आणि आपल्यातही," इमाम म्हणाले. "त्यानं काय कळणार? हे बघा, माझी काही हरकत नाही. आपला असेल तर आनंदानं नेऊ. पण दुसऱ्यांचा मृत माणूस उचलून आणला, असं व्हायला नको. ते मोठं पाप होईल. आधी ओढ्याकडच्या लाल्ला सुलतानाला विचारा. त्यांचा असेल तर त्यांनी न्यावा."

मुकादमानं त्याआधी पोस्टातून मर्राकेशच्या यहुदी मंडळींना फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्यपणे बोलला. यादीत असं नाव नाही, पण त्या बाजूच्या खेड्यांच्या याद्या कुणी केल्या होत्या कधी? सुलतानाबाईंनी आपला म्हटलं तर आपला. मात्र आज सूर्य मावळायच्या आत उरका, नंतर शब्बाथचा विसावा लागेल, मग रविवारपर्यंत काही करता यायचं नाही.

बासू ओढ्याकडच्या गल्लीत गेला. अख्ख्या मोहल्ल्यात आता दिवा लागत होता तो एकट्या सुलतानाच्या घरात. लाल्ला, म्हणजे बाई, असं तिला सगळा गाव मानानं म्हणायचा. पंचाहत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेली, जिभेनं मात्र ताठ. तिचे मुलगे पॅरिसला होते, भाऊ हैफाला, आणि ती इथंच. सगळ्यांनी बोलावून झालं होतं. माझं लिंबाचं लोणचं मुरायचंय अजून, असं ती दर वर्षी कळवायची.

खबर तिला आधीच लागली होती. ओट्यावर बसून ती डोळे पुसत होती.

"ये पोरा. देव तुझं दुःख हलकं करो. काल दुपारी इथं होता रे. माझ्या कढईला कल्हई लावून गेला. म्हणाला, लाल्ला, या कढईत तुझं तोंड बघ, वीस वर्षांनी लहान दिसशील."

बासू तिच्या पायाशी बसला. मग त्यानं विचारलं, याहिया तुमच्यातला होता का.

सुलतानानं डोळे पुसायचं थांबवलं. "मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

"आम्हाला वाटायचं तुला."

"दर शनिवारी यायचा माझ्याकडं. गप्पा मारत बसायचा. चूल विझली तर आम्ही त्या दिवशी विस्तव लावत नाही, तुला माहीत आहे. शेजारचं मुसलमान कुणीतरी येऊन लावून देतं. तर हा काय करायचा? स्वतः नाही लावायचा. उठायचा, गल्लीतून तुझ्या पोरीला बोलावून आणायचा आणि तिच्याकडून लावून घ्यायचा."

"म्हणजे तुमचाच!" बासूला एकदम सुटल्यासारखं वाटलं.

"थांब, थांब. मीही तेच म्हटलं त्याला एकदा. तू का नाही लावत रे, म्हटलं. तर म्हणाला, लाल्ला, आठवडाभर विस्तवाशीच झटतो, एक दिवस तरी हात गार राहू दे. आता यावरून काय समजायचं?"

"आणि जेवायचा इथं?"

"अंडी खायचा. पाव, जैतून. शनिवारचा माझा, आमच्या रीतीनं कापलेल्या मटणाचा रस्सा, ज्याच्यासाठी लोक भिंतीवरून डोकवायचे, तो नाही. पोट बिघडलंय म्हणायचा. वीस वर्षं एखाद्याचं पोट बिघडतं का?"

"मग काय सांगू मी मुकादमाला?"

सुलतानानं शालीच्या टोकाशी चाळा केला. "खोटं नाही बोलायची मी. तो आमचा होता असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत. तुमचा असेल तर खुशाल न्या."

बासू परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात गुंताच झाला होता. घरी बायको इत्तो येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांसाठी पाव भाजत होती. त्यानं तिला सुलतानाचं बोलणं सांगितलं. इत्तो हातातलं पीठ तसंच ठेवून त्याच्याकडं वळली.

"आपल्याकडं पण नाही खायचा तो मटण."

"काहीतरीच. बकरी ईदला दर वर्षी आपल्याच पंगतीला असायचा."

"पंगतीला असायचा. दात दुखतात म्हणून रश्शात पाव बुडवतोय असं दाखवायचा. मी वाढते, मला माहीत. त्याचा वाटा कागदात बांधून द्यायची मी, तर तो बाजारामागं राहणाऱ्या एका विधवेच्या दारात ठेवून यायचा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" इत्तोचा आवाज चढला. ती रडत होती आणि रडताना तिला नेहमी राग यायचा. "तेवीस वर्षं एका खेचरामागं चाललात. कुणाच्या खेचराच्या पाठीला किती बोटं जखम आहे ते तुमच्या लक्षात राहतं. या माणसाला आई होती का, एवढंही विचारावंसं नाही वाटलं?"

बासूकडं उत्तर होतं, पण ते त्याला स्वतःलाच धड पटत नव्हतं. रस्त्यात पहाटे याहिया उठायचा आणि खेचर बघून येतो म्हणून एखाद्या खडकामागं जायचा. बराच वेळ जायचा. खेचर तर इथंच, बासूच्या उशाशी बांधलेलं असायचं. बासू डोळे मिटून पडून राहायचा. माणसाला काही लपवायचं असेल तर लपवू द्यावं, यालाच तो दोस्ती समजत आला होता. आता त्याला कळेना, की ती दोस्ती होती की नुसता आळस.

तो पुन्हा वर गेला आणि याहियाची पेटी उघडली. एक धुतलेला सदरा. नवसागराची डबी. कात्री. बासूच्या मुलीच्या लग्नातला फोटो, त्यात याहिया कडेला उभा, अर्धा कापला गेलेला. तळाशी इत्तोनं विणलेले मोजे, एकदाही न घातलेले. बस. या माणसाचं म्हणून जे काही होतं ते सगळं बासूच्याच घरातून गेलेलं.

त्यानं आणि मशिदीतल्या गुसल घालणाऱ्या माणसानं मिळून याहियाला आंघोळ घातली. पांढऱ्या कापडात गुंडाळलं. तिथवर काही अडचण आली नाही, कारण पाणी आणि पांढरं कापड दोन्हीकडं सारखंच.

दुपारच्या अजानच्या थोडं आधी मुकादम धावत आला. सरायमध्ये एक मीठवाला उतरला होता, हद्दू नावाचा, द्राआकडचा, ऐंशीचा म्हातारा. त्यानं नाव ऐकून विचारलं होतं, डाव्या भुवईवर जुना व्रण आहे का? होता.

सरायच्या अंगणात हद्दू मिठाच्या गोण्यांवर बसून खजूर खात होता. इमामही आले. बासू जमिनीवरच बसला.

"मीराचा मुलगा तो," हद्दू म्हणाला. "आमच्या गावातल्या यहुदी सोनाराची पोर. देखणी होती. आणि बाप आमच्यातला, सईद, खेचरं हाकायचा. पळून-बिळून नाही हं, काझीसमोर रीतसर लग्न केलं. तिनं तिचं सोडलं नाही, त्यानं त्याचं. लोक चार दिवस बोलले आणि थकले. पोरगा पाच-सहा वर्षांचा असेल, तेव्हा सईद पुरात गेला. दोन वर्षांनी मीराही गेली, तापानं."

"मग पोराला कुणी सांभाळलं?" बासूनं विचारलं.

"तीच तर गोष्ट. आजोळ एका गल्लीत, चुलते दुसऱ्या गल्लीत. वाईट नव्हते कुणी. पण याला आजोळी बघितलं नाही की ते म्हणायचे, चुलत्याकडं जेवला असेल. चुलते म्हणायचे, आजोळी जेवला असेल. दोघंही एकमेकांचा मान राखायचे, दुसऱ्याच्या पोराला जबरदस्तीनं बसवायचं कसं, म्हणून. मी त्याला गुरांच्या गोठ्यात कच्चे शेंगदाणे खाताना बघितलंय. मग एक कल्हईवाला गावावरून चालला होता, त्याच्यामागं निघून गेला. परत आला नाही."

हद्दूनं खजुराची बी थुंकली.

"हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?" इमामांनी विचारलं.

"गोठा पाहिला. लग्नात मी नव्हतो, ते आईकडून ऐकलं."

परत येताना इमाम स्वतःशीच हिशोब करत होते. "बाप मुसलमान म्हणजे आमच्या कायद्यानं मुसलमान. ते स्पष्ट आहे. आई यहुदी म्हणजे त्यांच्या कायद्यानं यहुदी. तेही स्पष्ट आहे."

"मग झालं काय?" मुकादम वैतागून म्हणाला. "सकाळी तो कुणाचाच नव्हता, आता दोघांचा झाला. माझा कागद कोराच आहे."

जुम्म्याची नमाज झाली. याहियाला तिरडीवर घालून मशिदीसमोरच्या अंगणात आणून ठेवलं होतं. चाळीसएक माणसं जमली. सुलतानाही आली होती, काठी टेकत, काळी शाल डोक्यावरून घेऊन. ती बायकांमध्ये इत्तोशेजारी उभी राहिली. इमामांनी हद्दूची हकीकत सगळ्यांना सांगितली आणि म्हणाले, "कायद्यानं मी त्याला वर नेऊ शकतो. पण हयातीत त्यानं स्वतः काही सांगितलं असतं तर मला बळ आलं असतं. लाल्ला सुलताना, तुमचं काय म्हणणं? तुमचा हक्क असेल तर आम्ही आड येणार नाही."

"तुमचा हक्क असेल तर मीही नाही," सुलताना म्हणाली. मग ती थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून तिनं तिरडीकडं बघितलं. "पण एक बोलते. खाली शेवटची माती पडली ती माझ्या नवऱ्यावर. अकरा वर्षं झाली. आता मी गेले की मर्राकेशहून कुणीतरी येईल, मला ठेवेल आणि फाटक लावून जाईल. वर तुमच्याकडं रोज कुणी ना कुणी येतं. तो आमचा होता की नव्हता, मला नाही माहीत. पण तुम्ही मला विचाराल तर, मला द्या त्याला."

गर्दीत कुजबुज झाली. म्हातारा खाटीक मोठ्यानं म्हणाला, "बाप मुसलमान असताना हे कसं चालेल?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "तिला एकटीला राहू द्यायचं का मग?" इमाम बासूकडं वळले.

"त्याचं जवळचं माणूस तुम्हीच. तुम्ही सांगा."

चाळीस माणसांसमोर बासू आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"मला खरंच माहीत नाही हो," तो म्हणाला. "सकाळपासून मी हेच सांगतोय आणि मला लाज वाटतेय. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही." तो एक पाऊल पुढं आला. "पण सकाळपासून मी दुसरंही एक ऐकतोय. इमामसाहेब म्हणतात, त्यांचा असेल तर न्यावा. मर्राकेशचे म्हणतात, लाल्लानं आपला म्हटलं तर आपला. लाल्लाही सकाळी म्हणाली, तुमचा असेल तर न्या. सगळे चांगलेच बोलताहेत. आणि तो तिकडं जेवला असेल, असं सगळे म्हणत राहिले म्हणूनच तो उपाशी राहिला ना लहानपणी? आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, मला द्या. मला दुसरं काही कळत नाही. ज्यानं मागितलं त्याच्याकडं जाऊ दे त्याला."

खाटीक मान हलवत निघून गेला. त्याच्यामागं आणखी पाच-सहा जण गेले. मग इमामांनी पुढं होऊन हात बांधले आणि जनाज्याची नमाज सुरू केली. संपल्यावर ते बासूच्या कानाशी येऊन म्हणाले, "मी बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. आज रात्री पुस्तकं उघडून बसावं लागणार." पण तिरडीचा पुढचा दांडा त्यांनीच खांद्यावर घेतला.

खालच्या कबरस्तानात खणणारा कुदळ घेऊन उभा होता. तोही मुसलमानच, त्याच्या बापापासून इथली राखण त्यांच्याकडंच. त्यानं विचारलं, "आता खड्डा कसा घेऊ? आपल्यासारखा आडवा, तोंड मक्केकडं वळवून, की यांच्यासारखा पाय पूर्वेला करून?"



"ओळीत घे रे, बाकीच्यांसारखा," सुलताना म्हणाली. "उठून बसला तर तोंड पूर्वेलाच येईल. तुमचं मक्का तिकडंच आहे ना? मग झालं."

दहा यहुदी पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही अशी त्यांची एक प्रार्थना आहे. सुलतानाला ती नवऱ्याकडून ऐकून ऐकून पाठ होती. तिनं आजूबाजूला बघितलं, देवाला मोजत बसायचं असेल तर बसू दे, असं काहीसं पुटपुटली, आणि म्हणायला लागली. मधे एका ओळीवर अडली. तीच ओळ तिनं तीनदा म्हटली आणि पुढं गेली. माती पडली. सूर्य अजून डोंगरावर हातभर होता. मुकादमानं कागदावर "खालचं" असं लिहिलं आणि बापाच्या नावाच्या रकान्यात सईद, आईच्या नावासाठी रकाना नव्हता म्हणून समासात मीरा.

पुढच्या आठवड्यात बासू एकटाच बाजाराला गेला. खेचरही गोंधळलं होतं, अर्ध्या ओझ्यानं ते कडेकडेनं चालत होतं. बाया पातेली घेऊन आल्या आणि कल्हईवाला नाही म्हटल्यावर तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, कुठं पुरलंत? त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "असं कसं? माझा नातू जन्मला तेव्हा त्याच्या कानात त्यानंच अजान दिली होती." बासूनं हातातलं खोगीर खाली ठेवलं. दुपारी दुसऱ्या एका म्हातारीनं सांगितलं, की माझा नवरा यहुद्यांकडं कामाला होता, यहुद्यांच्या सगळ्या प्रार्थना याहियाला येत होत्या, तो आणि माझा नवरा मिळून म्हणायचे. मग त्याला जरा बरं वाटलं. तिसऱ्या बाजारात पुन्हा कुणीतरी वेगळंच सांगितलं. काही दिवस तो सकाळी उठायचा तेव्हा आपण ठीक केलं असं त्याला वाटायचं. काही दिवस उठायचा आणि छातीवर दगड असायचा. इमामांना त्यानं विचारलं, पुस्तकांत काय निघालं? ते म्हणाले, दोन्ही निघालं.

एका शनिवारी इत्तो म्हणाली, "आज लाल्लाकडं कुणी गेलं नाही. चूल विझली असेल." बासू गेला. त्यानं विस्तव लावून दिला, फुंकून फुंकून डोळे लाल झाले. सुलतानानं त्याला रस्सा वाढला आणि तो अंगणात बसून जेवला. ताट पुसून झाल्यावरही तो उठेना.

"काय रे?" ती म्हणाली. "आणखी हवाय?"

"नाही. लाल्ला, तुझ्या आईचं नाव काय गं?"

सुलतानानं डोळे बारीक केले. "माझं माप घ्यायला आलास होय? एवढ्यात नाही मरत मी."

"तसं नाही. असंच विचारतोय."

"असंच कुणी विचारतं का? साठ वर्षांत कुणी विचारलं नाही मला." ती हसली, मग तिनं शाल सारखी केली आणि पाटावर नीट मांडी घालून बसली. "स्तेरीना. पण सगळे तिला बेबा म्हणायचे. ती इथली नव्हतीच मुळी, वरच्या डोंगरातली. तुला सांगते, तिचं लग्न कसं जमलं ते. तुझ्या आज्यानंच जमवलं होतं, माहीत आहे का तुला?"

बासूला माहीत नव्हतं. तो ताट बाजूला सारून पुढं सरकला.